हौशी प्रवाशांची रेखाटने आणि पांडवलेण्यांतील अक्षरे

महाराष्ट्रातील एखाद्या स्थळाचा इतिहास लिहिताना कंपनी सरकारच्या काळातील एखादे इंग्रजी चित्र सोबत जोडण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. चित्राखाली काढणाऱ्याचे नाव व वर्ष छापलेले असते आणि तेवढ्या आधारावर ते चित्र त्या वर्षीच्या स्थळस्थितीचे साक्षीदार मानले जाते. हा साक्षीदार पाहण्यास कोठे शिकला, त्याने काय पाहिले, काय पाहण्याचे टाळले, आणि त्याची साक्ष मुद्रणालयात पोचेपर्यंत किती हातांतून गेली, याची उलटतपासणी मात्र क्वचितच होते. अशा उलटतपासणीस नाशिकचा परिसर विशेष सोयीचा आहे. एका बाजूस नदीकाठ, देवळे व डोंगरी किल्ले, म्हणजे हौशी चित्रकाराला हवे असलेले सर्व काही. आणि शहरापासून सुमारे ५ मैलांवर त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी, जेथे त्याच वर्गातील माणसांना आपली पेन्सिल स्वतःस न समजणाऱ्या अक्षरांमागून चालवावी लागली. या दोन प्रकारच्या रेखाटनांचे मोल सारखे नाही, आणि ते का नाही हा विचारार्ह प्रश्न आहे.

‘हौशी’ या शब्दाने येथे अनाडी असा अर्थ घ्यावयाचा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील प्रतिष्ठित घराण्यांत चित्र काढता येणे हे पत्र लिहिता येण्याइतकेच सभ्यपणाचे लक्षण होते; केवळ चित्र विकून पोट भरणे हे सभ्य गृहस्थाचे लक्षण नव्हते. लष्करी शिक्षणात तर आरेखन हा रीतसर विषय होता. वूलिच येथील लष्करी विद्यालयात पॉल सँडबी यांच्यासारखा नामांकित निसर्गचित्रकार १७६८ पासून १७९६ पर्यंत शिकवीत होता, आणि १८०९ मध्ये कंपनीने ॲडिसकोंब येथे स्वतःचे सैनिकी विद्यालय काढले तेव्हा तेथेही चित्रकलेचे शिक्षक नेमले गेले. शत्रूच्या मुलखातील टेकडी, ओढा व तटबंदी झटपट कागदावर उतरवता यावी हा त्यातला हेतू. म्हणजे मुंबई इलाख्यात येणाऱ्या तरुण अधिकाऱ्याच्या पेटीत रंगांची डबी असे ती निव्वळ विरंगुळा म्हणून नव्हे. १८१८ च्या एप्रिल महिन्यात त्र्यंबकचा किल्ला पडला आणि त्यापाठोपाठ नाशिक भागातील आणखी १७ किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्या मोहिमेचे वृत्त व्हॅलेंटाइन ब्लॅकर यांनी १८२१ मध्ये प्रसिद्ध केले. आज ज्या कड्यांची चित्रे आपण निसर्गशोभा म्हणून पाहतो, ते कडे पाहण्याची पहिली निकड शिडी कोठे लावता येईल या प्रश्नातून आली होती, हे विसरता कामा नये.

या वर्गाचे काम केवढे अफाट होते याची कल्पना जेम्स फोर्ब्स यांच्यावरून येते. १७६५ मध्ये कंपनीचे लेखनिक म्हणून मुंबईस आलेल्या या गृहस्थाने १७८४ पर्यंतच्या वास्तव्यात काढलेली चित्रे व केलेल्या नोंदी मिळून १५० बाडे भरली. राघोबादादांच्या मदतीस गेलेल्या इंग्रजी फौजेबरोबर ते १७७५ मध्ये होते. पक्षी, फळे, वेली, माणसे यांची त्यांची चित्रे ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथातून १८१३ पासून लोकांपुढे आली. फोर्ब्स यांचा पक्षी विश्वसनीय असतो. त्यांच्या देखाव्याविषयी तसे निःशंकपणे म्हणवत नाही. पक्षी काढताना त्यांच्यापुढे पक्ष्याशिवाय दुसरा आधार नसे. देखावा काढताना मात्र मनात एक तयार चौकट असे.

ती चौकट विल्यम गिल्पिन यांच्या लेखनाने घालून दिली होती. वाय नदीवरील त्यांचे पुस्तक १७८२ चे आणि चित्रोपम सौंदर्यावरील तीन निबंध १७९२ चे. चित्राचा अग्रभाग गडद व खडबडीत असावा, एका कडेस झाड अथवा पडकी भिंत असावी, मध्यभागी प्रकाशित पाणी किंवा इमारत असावी, मागे डोंगर निळसर होत विरावेत, आणि माणसे असलीच तर ती प्रमाण दाखविण्यापुरती असावीत, अशी ही रीत. निसर्ग रचनेत चुकतो, तेव्हा चित्रकाराने त्याला थोडे सावरून घ्यावे, असे गिल्पिन उघडच सांगत. सभ्य प्रवाशाने हा उपदेश इतका मुरवून घेतला की त्याला आपण काही बदलतो आहोत हे जाणवतही नसे. बोरघाटाचे, दौलताबादचे किंवा वेरूळचे चित्र पाहताना प्रेक्षकाला ओळखीचे समाधान वाटते ते पुष्कळदा स्थळाच्या ओळखीमुळे नव्हे, तर या रचनेच्या ओळखीमुळे.

त्यात मूळ रेखाटन वाचकापर्यंत जसेच्या तसे पोचतच नसे. मुंबईच्या सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले यांचा पश्चिम हिंदुस्थानावरील प्रसिद्ध चित्रसंग्रह १८२६ ते १८३० या काळात ३६ रंगीत चित्रांनिशी लंडनमध्ये निघाला. (पुढे ‘ग्रिंडलेज’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या पेढीचे संस्थापक ते हेच.) त्यांच्या व इतरांच्या कच्च्या रेखाटनांवरून धंदेवाईक चित्रकारांनी चित्रे पुन्हा रचली, आणि त्यांवरून कोरणाऱ्यांनी तांब्याचे पत्रे तयार केले. आरमारातील कमांडर रॉबर्ट एलियट यांच्या रेखाटनांचे असेच झाले. वेरूळचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८०३ मध्ये टॉमस डॅनियल यांनी काढलेला वेरूळचा चित्रसंग्रह जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवर आधारलेला आहे. वेल्स १७९५ मध्येच वारले होते आणि डॅनियल वेरूळास गेले नव्हते. वेल्स यांच्याआधी पुण्याचे रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी वेरूळची चित्रे काढणारा एक पुणेकर होता, गंगाराम चिंतामण तांबट. त्याचे हात कारागिराचे असल्यामुळे तो इंग्रजी अर्थाने ‘जंटलमन’ नव्हता, आणि म्हणूनच कदाचित त्याला लेण्याचा खांब खांबाच्या जागी ठेवण्यास अडचण पडली नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

अशा नजरेला नाशिकचा गंगाकाठ कसा दिसणार? रामकुंड, सुंदरनारायण, नारोशंकराचे देऊळ, वर पंचवटीत काळा राम. यांतील बहुतेक बांधकाम पेशवाईतले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाच्या दृष्टीने जेमतेम पाऊणशे-शंभर वर्षांचे. पडझडीची शोभा शोधणाऱ्याला येथे पडझड कमी आणि वर्दळ फार. वर्दळीचे काय करावयाचे याचे उत्तर त्याच्या चित्रशास्त्रात होते: तिला अग्रभागी चार-दोन रंगीत ठिपक्यांत बसवावयाचे. पण क्षेत्राच्या दृष्टीने पाहिले तर ही वर्दळ हाच नाशिकचा आशय आहे. घाटावर उतरणारा प्रत्येक यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत नाव, गाव, कूळ व बरोबरच्या माणसांची नोंद करून जातो. त्याच्या आजोबांची नोंद त्याच घराण्याच्या जुन्या वहीत सापडते. चित्रात जो ठिपका आहे त्याला वहीत तीन पिढ्यांचा पत्ता आहे. चित्राखाली सही एकाचीच असते, प्रवाशाची.

दुसरी अडचण ऋतूची. साहेबांच्या फिरतीचा हंगाम हिवाळ्याचा. मुक्काम तंबूत, कागद व रंग ओलाव्याला भिणारे, घाटातील वाटा पावसात बिकट. त्यामुळे या वर्गाच्या चित्रांतील दख्खन हे सामान्यतः कोरडे, स्वच्छ आकाशाचे दख्खन आहे. नाशिककर पुराचे मोजमाप नारोशंकराच्या घंटेवरून करीत आले. पाणी घंटेपर्यंत चढते ती गोदावरी आणि हिवाळी दुपारी पायऱ्यांच्या तळाशी चमकणारी गोदावरी या दोन वेगळ्या नद्या आहेत, आणि हौशी चित्रकाराच्या वाट्याला बहुधा दुसरीच येते. चित्रावरून पात्राची रुंदी किंवा पायऱ्यांची संख्या काढू पाहणाऱ्या अभ्यासकाने एवढे तरी ध्यानात घ्यावे. ऋतूच्या या मुद्द्याला लेण्यांच्या संदर्भात आणखी एक अर्थ आहे, तो पुढे येईल.

इंग्रजी देखाव्यांवर एवढे बोलून थांबले असते तर काम सोपे होते. हौशी रेखाटन म्हणजे सत्तेच्या नजरेचा खेळ, असा निकाल देऊन मोकळे होता आले असते. हल्ली असा निकाल पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. काशीच्या टांकसाळीत काम केलेले जेम्स प्रिन्सेप यांचे उदाहरण त्याला आडवे येते. काशीच्या घाटांची चित्रे त्यांनी स्वतः काढून १८३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केली. ती वर वर्णन केलेल्या रीतीला फारशी सोडून नाहीत. आणि याच प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. तो उलगडा ज्या सामग्रीवर झाला तिच्यात कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या कठड्यावरील छोट्या लेखांच्या उतरून पाठविलेल्या प्रती होत्या. स्मिथ यांना त्यांतील एक अक्षर वाचता येत नव्हते. लेखांच्या शेवटी तीच ती दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात हे प्रिन्सेप यांच्या लक्षात आले, ती ‘दान’ या शब्दाची ठरली, आणि कुलूप उघडले. स्मिथ यांनी ती अक्षरे शोभेसाठी जराशी सावरली असती तर काय झाले असते याची कल्पना करावी.

नाशिकची लेणी कॅप्टन जेम्स डेलामेन यांनी १८२३ मध्ये पाहिली व त्यांचे वर्णन १८३० मध्ये लंडनच्या ‘एशियाटिक जर्नल’मध्ये आले. तेव्हा भिंतीवरील लेख हे कोणालाही न वाचता येणारे कोरीव काम होते. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन या निळीच्या व्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. ते कॅमेरा ल्यूसिडा हे यंत्र बरोबर घेऊन हिंदुस्थानभर हिंडले होते. या यंत्राच्या काचेतून समोरील वस्तूची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसते आणि तिच्यावरून पेन्सिल फिरविता येते. हौशी हाताला आवर घालण्याचा हा एक उपाय होता. त्या निबंधानंतर लेण्यांच्या संरक्षणाची व नोंदीची चळवळ सुरू झाली आणि १८४८ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली लेण्यांसंबंधी आयोग नेमला गेला. लेफ्टनंट ब्रेट यांनी लेण्यांतील लेखांच्या प्रती उतरल्या. त्यांतील नाशिकच्या प्रतींवरून डॉ. स्टीव्हन्सन यांनी मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या पाचव्या खंडात भाषांतरे दिली. त्याच नियतकालिकाच्या सातव्या खंडात नाशिकच्या लेखांच्या नव्या प्रती आल्या, त्या ई. डब्ल्यू. वेस्ट व ए. ए. वेस्ट या बंधूंच्या.

थोरले वेस्ट हे खऱ्या अर्थाने हौशी. १८४४ मध्ये ते मुंबईस आले ते कापसाच्या गाठी दाबण्याच्या कारखान्यांवर देखरेख करण्यासाठी. पुढे ते जी. आय. पी. रेल्वेत अभियंता व अखेरीस मुख्य अभियंता झाले. सुट्टीत घारापुरी, कान्हेरी, नाशिक, कुडे अशी लेणी पाहण्याचा त्यांना नाद लागला, आणि त्या नादातून कान्हेरी, नाशिक व कुडे येथील लेखांच्या प्रती तयार झाल्या. नंतर पारशी मित्रांच्या संगतीने ते पहलवी भाषेकडे वळले व त्या शास्त्रात त्यांनी जागतिक कीर्ती मिळविली. पण नाशिकच्या अभ्यासकाला त्यांचे ऋण आहे ते त्यापूर्वीचे. वेस्ट यांनी लेखांना दिलेले क्रमांक नंतरच्या विद्वानांनी संदर्भासाठी वापरले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेखांवर जो निबंध पाठविला त्यालाही या प्रतींचा आधार होता.

अभियंत्याचा हात हा येथे योगायोगाचा भाग नाही. रेल्वेच्या आराखड्यात रेघ जेथे आहे तेथेच असावी लागते. ती सुंदर असून भागत नाही. पांडवलेण्यांत हाच गुण उपयोगी पडला, आणि त्याची कसोटी अक्षरांपेक्षाही अंकांत दिसते. दहाव्या क्रमांकाच्या, नहपानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात दीनीकाचा पुत्र व नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एकात त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे नोंदविले आहे: २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. दोन हजारांचे दरसाल व्याज २४० होते आणि वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो.

आता या हिशेबाकडे उतरणाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. त्या काळच्या अंकपद्धतीत शून्य नव्हते व स्थानमूल्यही नव्हते. हजारासाठी एक स्वतंत्र चिन्ह होते. त्याला बाजूस एक आडवी रेघ जोडली की दोन हजार, दोन जोडल्या की तीन हजार, आणि मोठ्या संख्यांसाठी चार किंवा सत्तर यांसारखे चिन्हच त्या हजाराला चिकटविलेले. म्हणजे एक रेघ सुटली तर एक हजार कार्षापण बुडाले. खडकातील एखादी भेग रेघ समजून उतरली तर तेवढेच वाढले. सुदैवाने लेखकाराने संख्या शब्दांत व अंकांत अशा दोन्ही प्रकारे दिल्या, आणि त्यामुळेच स्टीव्हन्सन यांच्यापासून पुढील विद्वानांना या अंकांचे वाचन शक्य झाले. अंकांच्या जागतिक इतिहासावरील ग्रंथांत प्राचीन चिन्हांचे तक्ते असतात. त्यांत ‘नाशिक’ असे शीर्षक असलेला स्तंभ हटकून आढळतो. घाट, देवळे व किल्ले यांच्या सर्व रंगीत चित्रांपेक्षा नाशिकहून उतरून गेलेल्या या दहा-वीस वेड्यावाकड्या खुणांनी अधिक लांबचा प्रवास केला आहे.

ऋतूचा मुद्दा येथे पुन्हा समोर येतो. ज्या वर्षावासासाठी ही ठेव होती, ते लेण्यांच्या उपयोगाचे मुख्य दिवस. आणि रेखाटन करणारा येई तो डोंगर कोरडा पडल्यावर. चित्रकार म्हणून त्याला लेणे रिकामे, गूढ व निर्जन दिसले यात नवल नाही. लेणे भरलेले कसे असे, कापडाचा खर्च कसा भागे, पैसा गावातील कोणत्या व्यवसायात फिरे, हे त्याच्या देखाव्यात कोठेच येऊ शकत नव्हते. ते आले त्याने अर्थ न कळता उतरलेल्या रेघांत.

तथापि, न कळणारा हात नेहमीच प्रामाणिक असतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अक्षर न येणारा माणूस खडकाची खपली आणि अक्षराची मात्रा यांत भेद करू शकत नाही. तो दोन्ही सारख्याच निष्ठेने उतरतो. उलट लिपी जाणणारा माणूस जे असावयास हवे ते पाहतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे श्रेष्ठत्व असे की त्यांना लिपी येत होती, तरी ते पाहून उतरलेल्या प्रतीवर विसंबले नाहीत. भिंतीशी उभे राहून त्यांनी लेख पुन्हा तपासले. १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या नाशिकवरील सोळाव्या खंडातील लेण्यांचे विवेचन त्यांच्या या श्रमांवर उभे आहे, आणि प्राचीन अंकांवरील त्यांचा १८७७ मधील निबंध आजही वाचनीय आहे. एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात जे प्रमाण पाठ दिले ते ठशांच्या आधारे. ठसा आला आणि डोळ्यांनी पाहून प्रत उतरण्याचे युग संपले, जसे छायाचित्र आले आणि देखाव्याचे संपत गेले. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मधली. वेस्ट बंधूंच्या प्रती म्हणूनच एका मावळत्या विद्येतील अखेरच्या चांगल्या कामांपैकी आहेत.

शिल्पाच्या बाबतीत हौशी रेखाटनांचे स्थान या दोन टोकांच्या मधले आहे. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागी जणू सारे लेणे खांद्यावर उचलून धरणाऱ्या भव्य आकृती आहेत. त्या कोणाही चित्रकाराला मोह घालतील, आणि मोहातून काढलेले चित्र प्रमाणांत चुकण्याची शक्यता तेथेच सर्वांत अधिक. दहाव्या लेण्याच्या मागील भिंतीवरील स्तूपाचे शिल्प कोरून त्याचा भैरव करण्यात आला. घाईने काढलेल्या रेखाटनात तेथे फक्त भैरव दिसेल, आणि स्तूपाच्या उरलेल्या खुणा ‘अस्पष्ट भाग’ म्हणून छायेत जातील. तिसऱ्या लेण्यातील तसाच स्तूप शाबूत असल्यामुळे तुलनेची सोय आहे. अशा जागी जुने चित्र उपयोगी पडते ते त्याने काय दाखविले यापेक्षा त्याने काय छायेत ढकलले यासाठी.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला या सामग्रीत करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि त्यासाठी लंडनच्या संग्रहांपर्यंत जाण्याची गरज नाही. ब्रेट यांच्या प्रतींवर आधारलेले स्टीव्हन्सन यांचे वाचन, वेस्ट बंधूंच्या प्रती, भगवानलाल यांचे पाठ आणि सेनार यांचे ठसे हे सर्व छापील आहेत. भिंत तर नाशिकलाच आहे. एकच लेख घेऊन या चारांची ओळीओळीने तुलना केल्यास कोणता हात कोठे व का घसरतो याचा लेखाजोखा तयार होईल. आरंभ उषवदाताच्या दानांच्या नोंदीपासून करावा, कारण तेथे चुकीला गणिताचा पहारा आहे. त्याच लेखसमूहात ७०,००० कार्षापणांचे एक दान आले आहे आणि एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा दरही दिला आहे. सुवर्ण २,००० भरतात. ज्या प्रतीत हा भागाकार जुळतो तिच्या बाकीच्या अक्षरांकडे मग अधिक विश्वासाने वळता येईल.